आप्पांचे कान आणि काशाचा नाद : सिंगिंग बाऊल थेरपीचं एक प्रकरण

आप्पा साठीच्या पुढचे. सगळी उमेद आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि मग शिरोलीच्या फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) गेली, तीही फेटलिंगला. साच्यातून निघालेलं कास्टिंग झाडायचं, गेट-रायझर, म्हणजे ओतताना कास्टिंगला चिकटून राहिलेले जादा तुकडे, तोडायचे, कडा ग्राइंडरवर घासायच्या. दिवसभर लोखंडाला चाक लागलेलं. आता शेड मुलगा सांभाळतो, पण दुपारपर्यंत आप्पा तिथंच असतात. माझ्याकडे ते आले झोपेसाठी. खरं तर सूनबाई त्यांना घेऊन आली. म्हणाली, "ताई, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आप्पांचा डोळ्याला डोळा लागत नाही. कानात रातकिडे वरडत्यात म्हणतात. तुमच्या त्या वाट्यांनी जाईल का?"

मी कोल्हापुरात योग शिकवते आणि गेली काही वर्षं सिंगिंग बाऊलची, म्हणजे ठोका दिला की लांब नाद देणाऱ्या वाट्यांची, सत्रंही घेते. हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत नेहमी विचारला जातो. कुणाची अर्धशिशी असते, कुणाचा थायरॉइड, कुणाच्या मुलाचा अभ्यास. आप्पांचं प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं, कारण या थेरपीकडून काय मिळतं, काय मिळत नाही आणि मध्येच भलतंच काय हाती लागू शकतं, हे सगळं त्यात आहे. आप्पांची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. खरं नाव किंवा कारखान्याचं नाव दिलेलं नाही.

आधी काय घडलं होतं

माझ्याकडे येण्याआधी दोघी सासू-सून त्यांना एका सामूहिक 'साउंड बाथ'ला, म्हणजे पडून नाद ऐकायच्या बैठकीला, घेऊन गेल्या होत्या. तिथं सांगण्यात आलं की हे बाऊल सात धातूंचे आहेत, सात धातू म्हणजे सात ग्रह आणि सात चक्रं, अमुक हर्ट्‌झचा नाद पेशी दुरुस्त करतो, कानातला आवाज थोड्या बैठकांत जाईल आणि बीपीची गोळीही हळूहळू सुटेल. आप्पा झोपले होते तिथून हातभर अंतरावर मोठा गाँग, म्हणजे टांगलेली धातूची थाळी, होता. तो वाजला आणि पुढचे दोन दिवस कानातले रातकिडे दुप्पट झाले. ही 'हीलिंग क्रायसिस' आहे, म्हणजे आजार बाहेर पडतोय, असं उत्तर मिळालं. गोळीचं म्हणाल, तर आप्पांनी ती एक-दोन दिवस टाळलीही होती. सुनेनं रिकामी न झालेली स्ट्रिप बघितली म्हणून थांबलं.

मला या गोष्टीचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. कान वाजणाऱ्या माणसाच्या डोक्याशी गाँग वाजवून त्रास वाढला, तर तो आजार बाहेर पडणं नसतं, कानाला झालेला त्रास असतो. आणि रक्तदाबाची गोळी सुरू करणं किंवा बंद करणं हा डॉक्टरांचा निर्णय. वाट्या वाजवणाऱ्यानं त्यावर तोंड उघडू नये.

आप्पांनी बाऊल हातात घेतला तेव्हा

पहिल्या दिवशी मी सत्र घेत नाही. नुसतं बोलणं होतं. आप्पा बोलण्यात फारसे रमेनात, पण शेल्फवरच्या बाऊलकडे त्यांचं लक्ष होतं. एक उचलला, तळहातावर ठेवला, नखानं टिचकी मारली आणि कान जवळ नेला. मग दुसरा. म्हणाले, "हा ठोकीव हाय. ह्यो मात्र ओतून लेथवर मारलाय." बरोबर होतं. ठोकीव बाऊलवर हातोड्याचे ठसे दिसतात, काठाची जाडी सगळीकडे सारखी नसते. ग्राइंडिंगचं चाक मशिनवर चढवण्याआधी ते टिचकी मारून ऐकतात. चाकाला तडा असेल तर ते टणकन न वाजता बद्द वाजतं. आयुष्यभर हे केलेला माणूस होता.

मग त्यांनीच विचारलं, "सात धातू म्हणत होते. त्यात पारा कसा राहील ओ ताई?" मी काही बोलायच्या आत स्वतःच पुढे म्हणाले, तांबं वितळेपर्यंत पारा कधीच उडून जाणार. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला, पारा ३५७ ला उकळतो. जुन्या-नव्या बाऊलची तपासणी झाली तेव्हा त्यांत मुख्यतः तांबं आणि कथिलच सापडलं, म्हणजे आपलं कासं. साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथिल. देवळातली घंटा, भजनातले टाळ, घरातली काशाची वाटी, सगळं एकाच घराण्यातलं. बाकी धातू असले तर भेसळीपुरते. आपण 'सात धातू' ऐकलं की मान डोलावतो, पण धातूशी चाळीस वर्षं झगडलेल्या माणसाला ते क्षणात खटकलं.

आवाज कसा होतो तेही त्यांना हवं होतं. बाऊलला ठोका दिला की त्याचा गोल काठ क्षणभर लंबगोल होतो, मग आडवा लंबगोल, मग पुन्हा उभा, सेकंदाला शेकडो वेळा. काठावर चार जागा जवळजवळ स्थिर राहतात आणि चार जागा सर्वांत जास्त हलतात. हाताने ठोकलेला बाऊल कधीच तंतोतंत गोल नसतो. त्यामुळे एकाच्या जागी दोन अगदी जवळचे स्वर निघतात, समजा एक २०० हर्ट्‌झचा आणि दुसरा २०४ चा. दोघे मिळून सेकंदाला चार वेळा चढतात-उतरतात. तो जो 'वाँव-वाँव' असा डोलणारा नाद ऐकू येतो, तो हाच. काठावरून चामडं गुंडाळलेली काठी फिरवली की ती काठाला धरते-सोडते, धरते-सोडते, आणि नाद चढत जातो. सारंगीच्या गजाचं काम असंच असतं. बाऊलमध्ये पाणी घालून हे करून दाखवलं, तर पाण्यावर आधी बारीक नक्षी उठली आणि मग थेंब उडाले. २०११ साली भौतिकशास्त्रज्ञांनी या उडणाऱ्या थेंबांचा रीतसर अभ्यास केला आहे. आप्पांनी ते चारदा करायला लावलं.

काचेसारखे पांढरे क्रिस्टल बाऊलही बाजारात मिळतात. ते क्वार्ट्‌झचे. चिपसाठीच्या सिलिकॉनचे स्फटिक ज्या मुशीत वाढवतात, त्या मुशींमधूनच हे वाद्य पुढे आलं. त्यांचा आवाज मोठा, एकसुरी आणि लांबणारा असतो. कान वाजणाऱ्या माणसासाठी मी ते वापरत नाही.

हे सगळं हजारो वर्षं मठांमध्ये उपचार म्हणून चालत आलं, असंही सर्रास सांगतात. हिमालयाच्या भागात काशाची भांडी आणि घंटा जुन्या आहेत, यात वाद नाही. पण अंगावर वाट्या ठेवून उपचार करण्याची आजची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, पाश्चात्त्य देशांत बसलेली आहे. जर्मनीत पीटर हेस यांनी १९८४ च्या सुमारास त्याचं 'नाद-मसाज' असं रूप घडवलं. नवी आहे म्हणून ती वाईट ठरत नाही. मात्र प्राचीन म्हणून विकायचंही कारण नाही.

विचारपूस

कुणाच्याही सत्राआधी मी काही गोष्टी विचारतेच. पेसमेकर आहे का, फिट येतात का, गरोदरपण आहे का, नुकतं ऑपरेशन झालंय का, हाडात रॉड-प्लेट आहे का. यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि अंगावर बाऊल ठेवायचा नाही. आप्पांना यातलं काही नव्हतं, फक्त बीपी होतं.

कानांचं जास्त खोदून विचारलं. आवाज एकाच कानात येतो की दोन्ही? नाडीच्या ठेक्यावर येतो का? ऐकू येणं अचानक कमी झालं का? चक्कर येते का? कारण आवाज एकाच कानात असेल, किंवा नाडीबरोबर धडधडत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. आणि एका-दोन दिवसांत एकाएकी ऐकू येईनासं झालं, तर ती तातडीची बाब असते. तिथं बाऊल, काढे, कानात तेल यात एक दिवसही घालवू नये. आप्पांचा आवाज दोन्ही कानांत, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आलेला.

"ऐकायला येतं का व्यवस्थित?" असं विचारल्यावर आप्पा म्हणाले, "येतंय की." काकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, "साठ म्हटलं की आठ ऐकतात. बाजाराला धाडलं की घोळ."

हे मी वहीत लिहून ठेवलं.

सत्र

लोकांना सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच असते, म्हणून नीट सांगते. सतरंजीवर जाड गादी, मानेखाली आणि गुडघ्यांखाली उशी, अंगावर चादर. कपडे अंगावरच असतात. खोलीत उजेड कमी, पंखा मंद. सत्र साधारण पाऊण तासाचं. मोठे, खालच्या स्वराचे बाऊल आधी पायाशी वाजवायचे, मग तळपायाला टेकवून, मग मांडीवर, पोटावर. ठोका मऊ, गुंडाळलेल्या टोल्याचा. आप्पांच्या बाबतीत छातीच्या वर काहीही न्यायचं नाही आणि डोक्याच्या बाजूला बसायचंही नाही, हे आधीच ठरवलं होतं.

काय जाणवतं? बाऊल अंगावर असेल तर नादाच्या आधी थरथर कळते. ती पायाच्या हाडातून वर चढते. काहींना जड वाटतं, काहींना तरंगल्यासारखं. पोट गुरगुरतं, तोंडात लाळ येते. बरेचजण घोरायला लागतात आणि मग उठून "झोपलो नव्हतो" म्हणतात. काहींच्या डोळ्यांतून पाणी येतं. काहींना काहीच होत नाही, आणि काहींना पडून राहणंच नकोसं होतं. अशांना मी उठून बसू देते. यातलं काहीही झालं नाही तर थेरपी लागू पडली नाही, असा अर्थ काढू नये. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसायचं, लगेच गाडीला किक मारायची नाही, कारण गुंगी असते. पाणी प्यायचं ते तहान लागली म्हणून. शरीरातली विषं वाहून जावीत म्हणून पाणी प्यायला सांगतात, त्याला आधार नाही.

आप्पा दहाव्या मिनिटाला झोपले. काकू शेजारच्या खुर्चीत होत्या.

सत्राच्या शेवटी मी टिंगशा वाजवते. दोन छोट्या जाड झांजा, चामड्याच्या वादीत बांधलेल्या. आवाज उंच, बारीक आणि लांब शेपटीचा. झोपलेला माणूस त्यानं अलगद वर येतो. नेहमी मी सांगते, आवाज पूर्ण विरला की हात वर करा. आप्पा उठून बसल्यावर मी टिंगशा पुन्हा एकदा वाजवली आणि तसं करायला सांगितलं. आप्पांचा हात लगेच वर गेला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांचा हात खालीच. आवाज खोलीत अजून स्पष्ट होता. बऱ्याच वेळानं काकूंचा हात वर गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मोठा बाऊल वाजवला, तेव्हा दोघांचे हात जवळजवळ बरोबर वर गेले.

खालचा स्वर नीट ऐकू येतो, वरचा हरवतो. साठचं आठ होतं, कारण 'स' हा उंच कंपनांचा आवाज आहे. फेटलिंगमधली चाळीस वर्षं. ही काही तपासणी नव्हे, मी डॉक्टरही नाही, पण तज्ज्ञाकडे पाठवायला एवढं पुरेसं होतं. मी सूनबाईला सांगितलं की पुढचं सत्र ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाल्यावर. "म्हणजे तुम्ही घेणार नाही?" तिला जरा लागलं. घेईन, पण आधी तपासणी, एवढंच म्हटलं.

तपासणीत काय निघालं

दोन्ही कानांचा आलेख ४००० हर्ट्‌झच्या आसपास खाली खचलेला. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या कानाची ही ओळखीची खूण आहे. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. उंच स्वरांची खबर कानाकडून येईनाशी झाली की मेंदू जणू आपला आवाज वाढवतो आणि त्या पोकळीत गुणगुण ऐकू येते, असं मानतात. म्हणून कोणताही बाऊल, कितीही हर्ट्‌झचा असो, ती पेशी दुरुस्त करत नाही. कान वाजणं मुळापासून घालवणारं खात्रीचं औषधही आज नाही. त्याचा जाच कमी करता येतो: ऐकण्याचं मशीन, रात्री खोलीत हलका आवाज, आणि चिंता-झोप यांवर काम करणारं समुपदेशन.

आप्पांना मशीन सुचवलं गेलं. ते घ्यायला त्यांना बराच काळ लागला. "म्हाताऱ्यासारखं दिसतंय" हे कारण.

रक्तदाबाची गोष्ट

सत्राआधी आणि नंतर सूनबाई घरच्या मशिनवर बीपी मोजायची. आधी वरचा आकडा १४० च्या पुढे, नंतर १३० च्या आसपास. तिला वाटलं, बघा, उतरलं की. मी तिला सांगितलं, पाऊण तास अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यावर कुणाचंही थोडं उतरतं. मग बाऊलचं स्वतःचं श्रेय किती?

याचं उत्तर शोधायचा प्रयत्न झाला आहे, पण थोडाच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५१ जणांना विश्रांतीच्या सत्राआधी एकदा १२ मिनिटं बाऊल ऐकवले, एकदा शांतता दिली. बाऊलनंतर वरचा रक्तदाब आणि नाडी जास्त उतरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी ६२ जणांवर केलेल्या अभ्यासात सत्रानंतर ताण, राग, थकवा, खिन्नता कमी झाल्याचं लोकांनी नोंदवलं. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसत्या पडून राहण्याचा वाटा किती ते कळत नाही. २०२० मध्ये सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा निकषांत बसणारे जेमतेम चार निघाले. शिथिलता मिळते, मनावरचा भार तात्पुरता हलका होतो, इथवर म्हणता येतं. रक्तदाब बरा होतो, कान बरा होतो, असं म्हणता येत नाही. मी माझ्याकडे येणाऱ्यांना पैसे घ्यायच्या आधी हे सांगते. काहीजण तिथूनच परत जातात, जाऊ देते.

काशाच्या वाटीचा विषय

एकदा काकूंनी विचारलं, मग आमची काशाची वाटी काय वाईट? त्या पूर्वी आप्पांच्या तळपायांना तूप लावून वाटी घासायच्या. अलीकडे बंद पडलं होतं. मी म्हटलं, अजिबात वाईट नाही, सुरू करा. फक्त तळवे काळे झाले की अंगातली उष्णता निघाली असं समजू नका. तूप आणि तांबं घासलं की तो काळपटपणा येतोच, कोरड्या फरशीवर तुपानं वाटी घासली तरी येईल. पण रात्री दहा मिनिटं कुणीतरी पाय चोळून देतंय, याला झोपेच्या हिशोबात मोठी किंमत आहे. माझ्या सत्राइतकीच, कदाचित जास्त. आणि ती रोज मिळते, फुकट.

पुढे काय झालं

ज्या दिवशी सत्र, त्या रात्री आप्पांना लवकर झोप लागायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा जुनं सुरू. हे बहुतेकांचं असंच होतं. बाऊलचा परिणाम त्या संध्याकाळपुरता धरावा आणि बाकीच्या दिवसांची सोय वेगळी लावावी. आम्ही लावली. उठायची वेळ ठरवली, कितीही वाजता झोपले तरी तीच. संध्याकाळनंतरचा चहा सुटला, थोडी कुरकुर होऊन. खिडकीशी जुना टेबल फॅन ठेवला, त्याची घरघर कानातल्या आवाजाला झाकते. निवांत खोलीत आप्पांचे रातकिडे जास्त ओरडायचे, म्हणून त्यांना रात्रीची शांतताच नकोशी झाली होती. ती भीती कमी व्हायला सत्रांचा उपयोग झाला, असं माझं मत आहे. पाऊण तास दुसरा नाद अंगातून फिरतोय आणि कानातला आवाज असूनही त्रास देत नाहीये, हे त्यांना अनुभवानं कळलं. एकदा म्हणाले, "आवाज हाय, पर आता मागं जाऊन बसतोय."

मशीन शेवटी घेतलं, अंबाबाईच्या देवळात काकूंनी बोललेलं एक वाक्य ऐकू आलं नाही आणि दोघांची चुकामूक झाली, त्यानंतर. आता सकाळी लावतात, शेडमध्ये काढून ठेवतात. साठचं आठ बरंच कमी झालं आहे. झोप बहुतेक रात्री साडेअकराच्या आत लागते. यातलं किती मशीनमुळे, किती पंख्यामुळे, किती काकूंच्या वाटीमुळे आणि किती माझ्या बाऊलमुळे, हे वेगळं काढता येणार नाही. बीपीची गोळी चालू आहे, मात्रा डॉक्टरांनी ठेवली तीच. महिन्यातून कधीतरी आप्पा येतात, पाऊण तास झोपतात आणि जाताना एखादा बाऊल टिचकी मारून बघतात.

मला काळजी आहे ती मुलाची. आठ तासांच्या पाळीला कारखान्यात ९० डेसिबलची मर्यादा नियमांत आहे, पण ग्राइंडर चालू असलेल्या फेटलिंग शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. मी एकदा तिथं गेले, तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. इयरमफ भिंतीवर खिळ्याला टांगलेले, त्यांच्यावर काळी धूळ. मुलगा म्हणाला, "घाम येतो ओ, आणि पोरांना हाका ऐकू येत नाहीत." त्याला मी सत्राला बोलावलं नाही. आप्पांनी स्वतःचा आलेख त्याच्यापुढे ठेवला आणि ४००० वर बोट ठेवून दाखवलं. त्याच्या ऑडिओमेट्रीची वेळ घेतली आहे, शेडमधल्या दोन पोरांनाही तो बरोबर नेणार आहे.